मावशी 'ये' म्हणाली नाही

मावशीनं दार उघडलं आणि धाकट्यानं तोंड माझ्या मानेत खुपसलं. पाच तासांचा प्रवास झाला होता, त्यातली शेवटची चाळीस मिनिटं तो रडत होता, आणि माझ्या शर्टाची कॉलर त्याच्या मुठीत घट्ट होती. पुढचं सगळं मला पाठ होतं. आता हात पुढे येतील, "ये रे राजा माझ्याकडे" होईल, तो किंचाळेल, मी "अरे, मावशीआजी आहे ना आपली" म्हणत त्याला पुढे करीन, तो आणखी किंचाळेल.

मावशीनं हात पुढे केलेच नाहीत. त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आलात? बॅगा राहू देत तिथंच. पाय आखडले असतील तुझे, जरा चाल," एवढं मला म्हणाली आणि वळून आत गेली. आम्ही मागोमाग. ती खाली सतरंजीवर बसली, आमच्याकडे अर्धी पाठ करून, आणि मांडीवर पत्र्याचा एक जुना डबा घेऊन त्यातली बटणं निवडू लागली. मोठी एकीकडे, बारीक दुसरीकडे. मध्येच माझ्याशी बोलत होती, माझ्या कामाचं, रस्त्याचं. धाकट्यानं मानेतून एक डोळा बाहेर काढला. बटणं पत्र्यावर टण टण वाजत होती.

वीसेक मिनिटांनी तो माझ्या मांडीवरून उतरला.

त्याच्या तीनच दिवस आधी आमचा मुक्काम दुसऱ्या एका नातेवाइकांकडे होता. तिथं दारातच सहा जण उभे होते. सगळी मायेची माणसं, हे आधी सांगायला हवं. दीड वर्ष ज्याला फोनवर पाहिलं तो नातू समोर आला, तर हात आपोआप पुढे होणारच. त्यांतल्या एकीनं त्याला माझ्या कडेवरून उचलून घेतलं, आणि मी घेऊ दिलं. तो धनुष्यासारखा मागे वाकला. परत माझ्याकडे देताना तिचा चेहरा पडला होता. "आमच्याकडे नाही येत वाटतं," ती म्हणाली. त्या वाक्यातलं दुःख खरं होतं, म्हणून मी दिवसभर तीच चूक पुन्हा पुन्हा केली. जा, त्यांना पापी दे. जा, त्यांच्या मांडीवर बस. एका बावीस महिन्यांच्या जिवाला मी सहा जणांचं मन राखायच्या कामाला लावलं होतं. त्या रात्री तो दर तासाला उठला आणि दर वेळी हातानं चाचपून मी आहे का ते पाहत राहिला. ते चाचपणं मला अजून आठवतं.

लहान मूल नव्या माणसाला पाहून मागे सरतं त्याला आपण 'बुजणं' म्हणतो. घोडा बुजतो, बैल बुजतो, तोच शब्द. बुजलेल्या घोड्याच्या अंगावर "ये ये" करत कुणी धावून जात नाही, हे जनावरं पाळणाऱ्या माणसाला शिकवावं लागत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो आणि मूल रडलं की त्याला 'रडकं' नाहीतर 'आईवेडं' ठरवून मोकळे होतो. साधारण सहा ते आठ महिन्यांच्या सुमारास हे बुजणं सुरू होतं, वर्षाच्या आसपास जोरात असतं आणि मग हळूहळू ओसरतं. कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा. दूर राहणाऱ्या कुटुंबाची पंचाईत अशी, की आपल्याला ज्या वयात मूल सगळ्यांना दाखवायची सर्वांत जास्त घाई असते, त्याच वयात ते कुणाकडे जायला तयार नसतं.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात वर्षभराच्या मुलांसाठी एक प्रयोग बांधला. एक खोली, थोडी खेळणी, आई आणि बाळ. मग एक अनोळखी बाई आत येते. तिनं काय करायचं हे ठरवून दिलेलं आहे: पहिलं मिनिट गप्प बसायचं, दुसरं मिनिट फक्त आईशी बोलायचं, आणि तिसऱ्या मिनिटाला बाळाकडे वळायचं. प्रयोगाचा हेतू वेगळा होता. आई खोलीतून जाते आणि परत येते तेव्हा मूल काय करतं, ते पाहायचं होतं. पण मला त्या तीन मिनिटांचा क्रम फार मोलाचा वाटतो. आधी गप्प, मग आईबापाशी बोलणं, मग मूल. मावशीनं तीन मिनिटांची वीस मिनिटं केली, क्रम तोच. तिला हा प्रयोग ठाऊक असण्याचं काही कारण नाही. तिनं घरातल्या चार पिढ्यांची मुलं पाहिली आहेत.

आता त्या बटणांबद्दल, कारण हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात तीन वर्षांखालचं मूल आहे त्यांच्या पोटात आत्ताच गोळा आला असेल. माझ्याही आला होता. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला एक ठरावीक नळी वापरतात, तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर. त्या नळीत जे पूर्ण मावतं ते मुलाच्या घशात अडकू शकतं. मावशी बटणं निवडत होती ती उगाच वेळ काढायला नव्हे. बारीक सगळी तिनं एका बाटलीत भरली, झाकण घट्ट लावलं आणि बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. डब्यात उरली ती जाड कोटांची, ओव्हरकोटांची, चपटी, रुंद बटणं. ती सगळीच त्या नळीहून मोठी असतील अशी माझी खात्री नव्हती, म्हणून मी प्रत्येक बटण बोटांत धरून पाहिलं आणि आणखी पाच बाहेर काढली. मावशी म्हणाली, "काढ, काढ. तुला झोप लागली पाहिजे."

पण खरी भीती निघाली ती दुसरीच. मावशी कानाचं मशीन वापरते. त्याचे छोटे गोल सेल उशाशी वाटीत पडलेले होते, जुने आणि नवे एकत्र. असला बटणाएवढा सेल मुलानं गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजून जखम होऊ शकते. ज्या घरात बरीच वर्षं लहान मूल नाही, त्या घरात अशा वस्तू हाताशीच असतात: उशाजवळची औषधं, सेल, शिवणाच्या सुया. दोष कुणाचाच नाही. पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं गुडघ्यांवर रांगत घर फिरून यावं आणि ज्यांचं घर आहे त्यांनाही सोबत घ्यावं, म्हणजे त्यांना आपण झडती घेतोय असं वाटत नाही. मावशी म्हणाली, "मला खाली वाकता येत नाही, तू सांग, मी वर ठेवते." आम्ही दोघांनी मिळून ते काम केलं. थोरली हातात कागद घेऊन मागे मागे फिरत होती आणि काय काय सापडलं त्याची चित्रं काढत होती.

आमची मूळ यादी ३१ दिवसांत ७ घरांची होती. निघायच्या आधी ती कागदावर फार छान दिसत होती. कुणाकडे पाच दिवस, कुणाकडे तीन, कुणी राहून जायला नको. तिसऱ्या घरापर्यंत धाकट्याची झोप दिवसरात्र मिळून आठ-नऊ तासांवर आली. त्या वयाला अकरा ते चौदा तास लागतात. थोरली कशावरूनही रडू लागली. बायको एका सकाळी म्हणाली, "ही मुलं नात्यातल्यांना भेटत नाहीयेत, घरं बदलतायत."

नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचं एक कारण दाखवलं: पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, पहाऱ्यावर असल्यासारखा बारीक आवाजांना दाद देत राहतो. पुढच्या रात्रींना हा फरक जातो. प्रयोग मोठ्या माणसांवर झाला होता, मुलांवर नाही, पण मी ते वाचलं तेव्हा माझ्यापुरता हिशेब लगेच झाला. सात घरं म्हणजे सात पहिल्या रात्री.

म्हणून मावशीकडे आल्यावर आम्ही यादीतली दोन घरं गाळली आणि तिच्याकडचे चार दिवसांचे नऊ दिवस केले. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात ते दोन फोन करणं हे मला त्या सगळ्या प्रवासातलं सर्वांत अवघड काम वाटलं. "तिकडे नऊ दिवस आणि आमच्याकडे शून्य?" याला उत्तर नाही. मुलं थकली आहेत, हे खरं कारण. पण ऐकणाऱ्याला ते निमित्त वाटतं, आणि का वाटू नये? त्यांनी अंथरुणं काढून उन्हात घातली होती, खोली आवरली होती, कुणीतरी जुनी तीनचाकी दुरुस्त करून ठेवली होती. मी काही समर्थन केलं नाही. "तुमचं वाईट वाटणं बरोबर आहे," एवढंच म्हणालो. एका घरातून चार दिवस फोन आला नाही. दुसऱ्या घरातले काका पाचव्या दिवशी स्वतःच मावशीच्या दारात उभे राहिले, पाठीवर पिशवी आणि हातात ती तीनचाकी, तिची पुढची दांडी दोरीनं बांधलेली. दिवसभर राहिले. सकाळी धाकटा त्यांच्याकडे बघत नव्हता. संध्याकाळी काका खुर्चीत पेंगत होते आणि हा त्यांच्या पायावर डोकं टेकून चाक फिरवत बसला होता. आम्ही त्यांच्याकडे गेलो असतो तर त्यांचा तो दिवस पाहुणचारातच गेला असता. इथं ते आमच्यासारखेच पाहुणे होते, त्यांना दुसरं काही कामच नव्हतं.

निघायच्या आधी बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "इतक्या लहान मुलांना एवढं फिरवून काय मिळणार? त्यांच्या काही लक्षात राहणार नाही." हा प्रश्न मी टाळला नाही, कारण त्यातली माहिती बरोबर आहे. मोठ्या माणसांच्या पहिल्या आठवणी सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयातल्या असतात. धाकट्याच्या हाती त्यामुळे यातलं काहीच राहणार नाही. थोरलीचंही खात्रीनं सांगता येत नाही. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात पॅट्रिशिया बाउर आणि मरीना लार्किना यांनी तीन वर्षांच्या मुलांचं आईवडिलांशी झालेलं बोलणं नोंदवून ठेवलं आणि पुढे त्याच घटनांबद्दल त्या मुलांना पुन्हा विचारलं. २०१४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यांतल्या साठ टक्क्यांहून जास्त घटना आठवत होत्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चाळीस टक्क्यांहून कमी. म्हणजे मुलं विसरतात ती लहानपणीच. लहान असतानाच त्यांचं लहानपण निसटायला लागतं.

मला माझी स्वतःची एक आठवण आहे, त्याच घरातली. अडीच वर्षांचा असताना मी मावशीच्या आतल्या खोलीत जाऊन आतून कडी लावून घेतली. उघडता येईना. बाहेर मावशी दाराशी बसून राहिली आणि दाराखालच्या फटीतून एकेक वस्तू आत सरकवत राहिली, फणी, रिबीन, जुनी पाकिटं, मी दारापाशीच राहावं आणि घाबरू नये म्हणून. शेवटी कुणीतरी खिडकीतून आत उतरलं. मला त्यातली फटीतून येणारी उजेडाची पिवळी पट्टी स्पष्ट आठवते, आणि त्या पट्टीतून पुढे येणारी फणी. यंदा मी ते मावशीला सांगितलं. ती जरा थांबली. "उजेड कुठला रे? बोळात दिवाच नव्हता तेव्हा. अंधारातच बसले होते मी."

म्हणजे ती पट्टी मी घातली. कधीतरी, दहाव्यांदा किंवा विसाव्यांदा ही गोष्ट ऐकताना, तिच्या शब्दांना चित्र हवं म्हणून. घटना तिच्यापाशी होती. मला ती तिनं सांगून सांगून दिली, आणि इतकी पुरती दिली की चाळीस वर्षं मी तिला माझीच समजत आलो. हे कळल्यावर मला काही गमावल्यासारखं वाटलं नाही. उलट फार जवळचं काहीतरी हाताला लागलं. मी विसरलो तेवढा सगळा काळ कुणीतरी ते सांभाळत होतं.

न्यूझीलंडमध्ये हार्लीन हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मोठ्या माणसांच्या पहिल्या आठवणींचं वय तपासलं. युरोपीय वंशाच्या लोकांत ते साडेतीन वर्षांच्या आसपास आलं. माओरी लोकांत, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांत, मात्र पावणेतीनच्या आसपास. माओरी घरांत कुळाच्या, जन्माच्या, गेलेल्या माणसांच्या गोष्टी बोलण्यात सतत असतात, आणि पहिली आठवण इतकी मागे जाण्याशी त्याचा संबंध असावा असं संशोधकांचं म्हणणं. घरातलं बोलणं आठवणीचं वय मागे नेऊ शकतं, ही कल्पना मला प्रवासाच्या सगळ्या दगदगीपेक्षा मोठी वाटते.

थोरलीनं ती कडीची गोष्ट मावशीकडून चार वेळा सांगून घेतली. पाचव्यांदा म्हणाली, "आपण करू या." आत ती, बाहेर मावशी, सत्तरी ओलांडलेली बाई भिंतीचा आधार घेत जमिनीवर बसली आणि फटीतून फणी सरकवू लागली. आतून आवाज आला, "कडी लावू?"

"कडी नाहीये. त्याच आठवड्यात काढून टाकली मी."

दार उघडलं आणि दोघी चौकट तपासू लागल्या. मावशीनं थोरलीचं बोट धरून एका जागी नेलं. तिथं, रंगाच्या पाच-सहा थरांखाली, स्क्रूची चार भोकं होती. डोळ्यांना दिसत नव्हती, बोटाला लागत होती. थोरली कितीतरी वेळ त्या भोकांवरून बोट फिरवत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तू खरंच लहान होतास?"

तिनं हे याआधी फोटोंत पाहिलं होतं, ऐकलं होतं. तरी त्या दिवसापर्यंत मी तिच्यासाठी कायमचा मोठा होतो. मावशी मला 'सोन्या' म्हणते, केस कापायला सांगते, मी ऐकतो, हे ती टक लावून बघत असायची. आपला बाप कुणाचं तरी मूल आहे, हे मुलाला फक्त अशाच घरात दिसतं. एमरी विद्यापीठातल्याच रॉबिन फिवुश आणि मार्शल ड्यूक यांनी वीस प्रश्नांची एक यादी केली आहे, आईवडील कुठे भेटले, आजीआजोबा कुठे वाढले, असे मुलांना विचारायचे प्रश्न. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती त्यांचा आत्मविश्वासही जास्त आढळला. हा परिणाम गोष्टींचाच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ज्या घरात इतकं बोलणं होतं त्या घरात इतरही बरंच काही धड असणार. पण त्या चार भोकांनंतर माझी लेक मला वेगळे प्रश्न विचारते, एवढं मी पाहिलं आहे. "तुला तेव्हा कुणाची भीती वाटायची?" असं तिनं त्याआधी कधी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून रात्री दिवे घालवल्यावर आम्ही आज काय झालं ते बोलतो. "मजा आली का?" असं विचारलं की "हो" येतं आणि बोलणं संपतं. "काका तीनचाकी घेऊन आले तेव्हा दोरी कुठं बांधली होती?" असं विचारलं की पाच मिनिटं भांडण चालतं. मी मुद्दाम एखादी गोष्ट चुकीची सांगतो आणि ती उसळून दुरुस्त करते. धाकट्याला तेव्हा जेमतेम दोन शब्दांची वाक्यं यायची. तो अंधारात म्हणायचा, "टण टण." कधी "आजी टण."

परतीचं फार लिहीत नाही. गाडी वळली तेव्हा मावशी दारात उभी नव्हती, आत गेली होती. ते बरंच झालं.

घरी आल्यावर माझी भीती होती ती फोनची. त्याआधीही दीड वर्ष फोन होतेच. आठवड्यातून एकदा, समोर तोंड, "हाय कर, हाय कर", आणि दोन मिनिटांत मूल पसार. ते दीड वर्ष मावशीच्या दारात काही उपयोगी पडलं नाही. पॅट्रिशिया कूल यांचा वॉशिंग्टन विद्यापीठातला २००३ चा प्रयोग मला तेव्हा आठवला. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी बारा वेळा मॅन्डरिन, म्हणजे चिनी भाषा, बोललं गेलं. बोलणारं माणूस समोर बसून बोललं तेव्हा बाळांनी त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकून घेतलं. तीच माणसं, तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं तेव्हा बाळं काहीही शिकली नाहीत. पुढे २०१४ मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात मात्र दिसलं की पलीकडचं माणूस त्याच क्षणी उत्तर देत असेल, मुलाच्या बोलण्यावर बोलत असेल, तर मुलं व्हिडिओ कॉलवरही नवे शब्द शिकतात. म्हणजे पलीकडे नुसता चेहरा असून भागत नाही. मूल जे करतं त्याला तिथून जवाब यायला हवा.

मावशीला मी हे काही सांगितलं नव्हतं. पहिल्या रविवारी फोन लागला, तिनं "हाय कर" म्हटलं नाही. माझ्याशीच बोलत राहिली, पावसाचं, गुडघ्याचं. धाकटा दूर त्याच्या गाडीशी खेळत होता. बोलता बोलता तिनं फोन कशाला तरी टेकवला, डबा पुढे ओढला आणि हलवला.

गाडी तिथंच राहिली. तो आला, माझ्या गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला आणि त्यानं फोनपुढे तळहात पसरला. मावशीनं डब्यातून एक निळं बटण उचललं, त्याला दाखवलं आणि तिकडून, सावकाश, त्याच्या हातावर ठेवल्यासारखं खाली आणलं.

"एक," ती म्हणाली.

त्यानं मूठ मिटली.